जोंगा, जशी आहे तशी

लष्करातली जुनी जोंगा बघायला आलेला माणूस आधी बॉनेटवर हात फिरवतो. रंग चकचकीत असला की त्याचं मन तिथेच निम्मं ठरतं. मी आधी गाडीखाली जातो. चासीचा आतला पत्रा, बॉडी जिथे चासीवर टेकते तिथली रबरं आणि मागच्या अॅक्सलचं हौसिंग बघतो. मग वर येऊन ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि जबलपूरच्या कारखान्याची माहितीची पट्टी शोधतो. मूळ गाडी किती उरली आहे, ते एवढ्यात कळतं. पस्तीसेक वर्षं गॅरेज चालवल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगतो. जिच्यावर सगळ्यांत कमी हात फिरले, ती जोंगा सगळ्यांत मोलाची.

आमचं गाव नगर, आजचं अहिल्यानगर. इथली मुलं लष्करी गाड्या बघतच मोठी होतात. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, लष्करी वाहनांच्या चाचण्या घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्था इथे आहे आणि रणगाड्यांचं संग्रहालयही इथेच आहे. लष्कराने कंडम ठरवून लिलावात काढलेली गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली, तर कुणाला नवल वाटत नसे. ‘डिस्पोजलची गाडी आलीय’ एवढंच म्हणायचं आणि पाने काढायचे. मी उमेदवारी करत होतो तेव्हा जीप यायच्या, वनटन गाड्या यायच्या, शक्तिमान ट्रक यायचे. त्या गाड्या आम्हा पोरांवर सोडल्या जायच्या. जोंगा आली की उस्ताद स्वतः उठायचे.

त्याला कारण होतं. जोंगा म्हणजे जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल ६०’ या गाडीची भारतात बनलेली आवृत्ती. १९६०च्या दशकात निस्सानशी करार झाला, १९६९ साली जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि १९९९पर्यंत तिथून ही गाडी लष्कराला मिळत राहिली. त्या काळी गावोगाव दिसणाऱ्या जीपचं इंजिन चार सिलिंडरचं आणि २.२ लिटरचं. जोंगाचं सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं, ११० अश्वशक्तीचं. बोअर ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३ मिलिमीटर. स्ट्रोक इतका लांब असल्यामुळे हे इंजिन भराभर फिरत नाही, पण कमी फेऱ्यांतच भरपूर जोर देतं. चढावर गाडी दमली असं वाटतं, तेव्हाही ती ओढतच असते. पुढेमागे पाटे, दोन्हीकडे एकसंध अॅक्सल, चारही चाकांना ड्रम ब्रेक, फोर बाय फोर आणि लो गिअर. लष्कराने हिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवली, हिची रुग्णवाहिका केली, गस्तीवरही हिलाच पाठवलं.

एवढी ताकदवान गाडी लिलावात स्वस्त मिळायची. घेणारा घरी न्यायचा आणि पहिल्या महिन्यातच पेट्रोलचा हिशेब त्याच्या लक्षात यायचा. लिटरला चार-पाच किलोमीटर. माळावर बोअरवेलची यंत्रं ओढणारा ठेकेदार असो की उसाच्या पट्ट्यातला बागायतदार, ते कुणाला परवडणार? मग मूळ इंजिन काढायचं आणि डिझेलचं बसवायचं. कुणी मेटॅडोरचं बसवलं, कुणी ट्रकचं. त्यासाठी इंजिनचे माउंटिंग कापायचे, गिअरबॉक्सला नवी प्लेट लावायची, रेडिएटर पुढे सरकवायचा. बाहेर काढलेलं सहा सिलिंडरचं इंजिन काही दिवस भिंतीशी पडून राहायचं आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर जायचं.

त्या लोकांना मी आजही दोष देत नाही. त्यांच्यासाठी ती कामाची गाडी होती, संग्रहाची नव्हे. गाडी चालती राहिली म्हणून पोरं शाळेत गेली, विहिरी खोदल्या गेल्या. पण त्याचा परिणाम आज समोर आहे. जोंगा अजून पुष्कळ सापडतात. मूळ इंजिन असलेली जोंगा शोधावी लागते. हेच इंजिन लष्कराच्या निस्सान वनटनमध्येही असायचं, म्हणून आता माणसं भंगारात उभ्या असलेल्या वनटनचा माग काढत फिरतात. एकेकाळी किलोच्या भावाने विकलेली वस्तू आज आगाऊ पैसे देऊनही वेळेवर मिळत नाही.

माझ्या कामाची दिशा बदलली ती पारनेर तालुक्यातल्या एका गाडीमुळे. मालक निवृत्त सुभेदार होते, गावात सगळे त्यांना मेजर म्हणत. लिलावात घेतलेली जोंगा त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. दर रविवारी ती सुरू करायची, गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत न्यायची, परत आणायची, पुसायची आणि खाली तेलाचा थेंब पडला आहे का ते बघायचं, हा त्यांचा नेम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी कोमट होईपर्यंत त्यांनी मला बॉनेटला हात लावू दिला नाही. “मिस्त्री, आधी ऐका. मग उघडा,” म्हणाले.

ऐकलं. नंतर उघडलं. कार्ब्युरेटर मूळचा, एअर फिल्टर मूळचा, वायरिंगला कुठेही चिकटपट्टी नाही. नटांवर पान्याचे ओरखडे नाहीत, म्हणजे प्रत्येक नटाला मापाचाच पाना लागलेला. एका वहीत ऑइल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, टॅपेट कधी लावले, सगळं तारखेनिशी लिहिलेलं होतं. गाडी देखणी अजिबात नव्हती. रंग फिका, सीटचं कापड दोन ठिकाणी हाताने शिवलेलं. पण तिच्यातली प्रत्येक वस्तू आपल्या जागी होती. तोवर माझ्या लेखी जुनी गाडी चांगली करणं म्हणजे नवी दिसेल अशी करणं. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीला आधी हाच प्रश्न विचारू लागलो, की इथे काय तसंच ठेवता येईल?

ती गाडी टिकली यात मेजरांच्या शिस्तीइतकाच पारनेरच्या कोरड्या हवेचा वाटा आहे. आमचा भाग पर्जन्यछायेचा. याच्या उलट रत्नागिरीकडून आलेली एक जोंगा आठवते. वरून सुंदर, नुकताच रंग मारलेला, दारं बंद होताना ठाशीव आवाज. चासीवर हातोडीने टिचकी मारली तर काही ठिकाणी टण्ण वाजायचं आणि काही ठिकाणी मुकं. मुकं वाजलं तिथे आत गंजाचा भुगा भरलेला. चासी आतून पोकळ असते. खारी हवा आणि चिखल तिथे साठतो आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेरच्या रंगाला त्याचा पत्ता सर्वांत शेवटी लागतो. घेणाऱ्याने रंग बघून पैसे मोजले होते. चासीची दुरुस्ती करून दिली, पण कापून जोडलेली चासी आणि मूळ चासी यांच्यातलं अंतर कितीही चांगल्या वेल्डिंगने मिटत नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. लष्करात गाडीवर वेळोवेळी रंगाचा हात दिला जातो. वीस वर्षं सेवा केलेल्या गाडीवर अनेक थर असतात, सातबाऱ्यावर एकाखाली एक फेरफार नोंदी असाव्यात तसे. एका तरुण मालकाने गाडी आणून सांगितलं, “दादा, सगळं खरवडून पत्रा उघडा करा, मग शोरूमसारखी करू.” मी म्हटलं, एक कोपरा माझ्या पद्धतीने काढू द्या. पाणकागद लावून मडगार्डचा एकेक थर हळूहळू उतरवला. तिसऱ्या की चौथ्या थराखाली पांढरी अक्षरं दिसू लागली. टायरमधल्या हवेचा दाब तिथे स्टेन्सिलने लिहिलेला होता. पुढच्या बंपरवर गोल खूण निघाली, पूल ओलांडताना वजनाचा वर्ग कळावा म्हणून असते ती. मागचं हौसिंग पांढरं निघालं. रात्री दिवे मालवून ताफा चालतो तेव्हा मागच्या चालकाला तेवढाच पांढरा गोळा दिसावा आणि त्यावरून त्याने अंतर राखावं, यासाठी तो रंग. मुलगा गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला. त्याचे आजोबा लष्करात चालक होते. शोरूमचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण इथेच एक अडचण उभी राहते आणि ती प्रत्येक मालकाला मी आधीच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनाशिवाय दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे जोंगाचा जो मूळ रंग, त्याच रंगात ती खासगी माणसाला रस्त्यावर चालवता येत नाही. काही जण ‘कोण विचारतंय’ म्हणून तो रंग मारून घेतात. मी मारून देत नाही. लष्कराची गाडी ओळखू येणं ही सुरक्षेची बाब आहे आणि जोंगावर प्रेम करणाऱ्याने तरी ती पाळायला हवी. आम्ही वेगळा मार्ग काढला. बाहेरून नियमात बसणारा रंग द्यायचा, पण खाली मूळ थर शाबूत ठेवायचे. खरवडायचं नाही, फक्त घासून गुळगुळीत करायचं. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला आणि सीटखाली मूळ रंगाची जागा उघडी सोडायची. स्टेन्सिलचे आणि खुणांचे मापासकट फोटो काढायचे आणि ते गाडीच्या कागदांसोबत ठेवायचे. पुढे कधी ती संग्रहालयात गेली, तर मूळ रूप परत आणायला पुरावा हाताशी असेल.

इंजिनचं राखणं हा वेगळा अभ्यास आहे. हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. शिसं विषारीच, ते गेलं हे चांगलंच झालं. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. पण शिशाचा एक उपयोग होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून आपल्या सीटवर आपटतो, तिथे शिशाचा पातळ थर धातूला वाचवायचा. तो गेल्यावर सतत ओझं ओढणाऱ्या जुन्या इंजिनात ओतीव लोखंडाची सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह आत बसत जातो. त्यामुळे टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की टकटक थांबते आणि मालक खूश होतो, की इंजिन शांत झालं. मला तीच शांतता नको असते. एक्झॉस्टचा गॅप पुन्हा पुन्हा मिटत असेल, तर हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. डोळ्यांना न दिसणारा हा बदल मी मान्य करतो, कारण त्याने मूळ हेड वाचतं. मूळ वस्तू जगवण्यासाठी केलेली दुरुस्ती आणि मूळ वस्तू टाकून देणारी दुरुस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, इंधनपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, चिरतात. एका जोंगातून पेट्रोलचा वास येतो म्हणून बोलावणं आलं होतं. नळी बोटात धरली तर काळी शाई लागावी तशी विरघळत होती, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट. आग लागली नाही हे नशीब. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी भरून गाडी उभी ठेवली, तर पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून प्रत्येक मालकाला सांगतो, की इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवा, पडदा नवा ठेवा, टाकीत इंधन साठवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. काढलेले मूळ भाग मात्र पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपा.

उभी राहिलेली गाडी टिकते, हा फार मोठा गैरसमज आहे. ब्रेकचं तेल पाणी धरतं आणि व्हील सिलिंडर आतून चिकटतात. इंजिनचे सील वाळतात. पाटे एकाच ओझ्याखाली बसून राहतात, पानांमध्ये गंज धरतो.  एका मोठ्या संग्राहकाकडे काचेच्या दालनात उभी असलेली जोंगा मी बघितली आहे. धूळ नाही, डाग नाही. सुरू करायला गेलो तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, चारही ब्रेक जाम. पारनेरची फिकी गाडी मात्र पहिल्या सेल्फला उठायची. दोन्हीतली राखलेली कुठली, हे वेगळं सांगायला नको. महिन्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी गाडी चालवा, मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर टाका, ब्रेक दाबून बघा. नुसतं जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून बंद करणं तर अधिक वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ऑइलमध्ये ओल उतरते.

आणखी एक वळण २०२१च्या जुलैमध्ये आलं. केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. यातली कळीची अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.

ही बातमी आल्यावर एक गृहस्थ वडिलांची जोंगा घेऊन आले. सत्तरच्या दशकातली गाडी, घरच्या सगळ्या लग्नांत वरातीत मिरवलेली. बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन. मी काही बोलण्याआधीच त्यांच्या लक्षात आलं. “मूळचं मिळेल का हो?” त्यांनी विचारलं. वनटनचं इंजिन मिळू शकेल, बसवताही येईल, पण कापलेले माउंटिंग पुन्हा घडवावे लागतील आणि ती गाडी आतापर्यंत तशीच राहिली असं कुणालाही म्हणता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचार करून गाडी डिझेलवरच ठेवली. वडिलांनी केलेला बदल हाही त्या गाडीचा इतिहास आहे, असं ते म्हणाले. मला ते पटलं. ज्या गाडीचा बदल होऊन गेला, तिचा प्रामाणिक इतिहास जपावा. ज्या गाडीचा अजून झालेला नाही, तिचा होऊ देऊ नये.

कागदांकडे लोक फार उशिरा बघतात. लष्कराच्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६०प्रमाणे वेगळी होते. नागरी नंबर तिला लिलावानंतर मिळतो. म्हणून लिलावाचा कागद, लष्कराने गाडी सोडल्याचा कागद, पहिल्या मालकाचं आरसी बुक यांची किंमत सुट्या भागांइतकीच धरा. चासी नंबर, इंजिन नंबर आणि कागदावरचे नंबर जुळत नसतील, तर गाडी कितीही सुंदर असली तरी पैसे खिशातून काढू नका. माहितीची पट्टी कुणी बाजारातून नवी बनवून आणून लावतो, तेही बघितलं आहे. जुन्या पट्टीचे रिव्हेट आणि भोवतालचा रंग खोटं बोलत नाहीत.

२०१९ साली महेंद्रसिंह धोनी यांनी जोंगा घेतली आणि तिचे फोटो सगळीकडे पोहोचले. माझ्याकडे विचारणा एकदम वाढली. याचा आनंदच आहे, कारण भंगारात जाणाऱ्या कितीतरी गाड्या वाचल्या. पण घाईने घेणारे आणि घाईने नटवणारेही वाढले. क्रोमचे बंपर, रुंद टायर, दिव्यांच्या माळा. याच्या नेमकं उलट सांगणारी, जुन्या वाहनांच्या संघटनांची ‘फिवा’ ही जागतिक संस्था आहे. तिने २०१२ साली तुरीनची सनद मंजूर केली आणि त्या सनदेचा भर गाडी आहे त्या स्थितीत जतन करण्यावर आहे. आमचे मेजर हे कुठे वाचायला गेले नव्हते. पण दर रविवारी ते तेच करत होते.

तुमच्या गावात, एखाद्या वाड्यामागे किंवा शेतातल्या शेडमध्ये जोंगा उभी असेल, तर एक विनंती आहे. तिला लगेच गॅरेजला ओढून नेऊ नका. आधी सगळ्या बाजूंनी आणि खालून फोटो काढा. नंबर लिहून घ्या. घरातल्या पेट्या उघडून कागद शोधा. ती ज्याने चालवली त्या माणसाशी बसून बोला, कारण त्याला आठवतं ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. मग टाकी रिकामी करा, नळ्या बदला, ब्रेक मोकळे करा आणि चालू करा. रंगाचा विचार अगदी शेवटी. जोंगाचं उत्पादन १९९९ला थांबलं, नवी आता बनणार नाही. जेवढ्या मूळ रूपात उरल्या आहेत तेवढ्याच. त्यांतली एक जरी तुमच्या हातात आली, तरी ती जशी आहे तशी पुढच्या माणसाच्या हातात द्या.